‘काळजी करू नकोस’ हे उत्तर नव्हे

स्तनात गाठ हाताला लागली की आपल्याकडे बाईला उपदेश आधी मिळतो आणि डॉक्टर बराच नंतर. ‘दुखतंय का? नाही ना? मग कशाला जिवाला घोर लावून घेतेस?’ जाऊ म्हणते, दुधाची गाठ असेल, जिरेल. शेजारीण म्हणते, वाताची असेल, शेक दे. शिकलेल्या घरात हेच वेगळ्या शब्दांत येतं: टेन्शन घेऊ नकोस, पॉझिटिव्ह राहा, टेन्शननंच असले आजार होतात. सोलापुरात विडी कामगारांच्या वसाहतीत जा किंवा डॉक्टर-वकिलांच्या बंगल्यात, बोली बदलते, सल्ला तोच राहतो. त्याचं सार असं की काळजी हाच खरा आजार आहे आणि ती मनातून काढून टाकणं हा त्यावरचा इलाज. हे मत मला साफ नामंजूर आहे. त्यानं मनाला थोडा वेळ बरं वाटतं आणि बायका उशिरा दवाखान्यात पोचतात. गाठ लागलेल्या बाईची काळजी रास्त असते. तिला गप्प बसवायचं नसतं, तिला तपासणीपर्यंत न्यायचं असतं.

पूर्वपक्षाला त्याचा न्याय आधी देतो. धीर देणारी माणसं वाईट नसतात आणि त्यांच्या म्हणण्यात एक मोठं सत्य आहे. स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतातच. विशी-पंचविशीतल्या मुलीला हाताखाली सरकणारी गुळगुळीत गाठ लागली तर ती बहुधा फायब्रोअ‍ॅडेनोमा असते, म्हणजे साधी, न पसरणारी गाठ. पस्तिशी-चाळिशीनंतर पाण्याच्या गाठी, म्हणजे सिस्ट, पुष्कळ आढळतात. पाळीच्या आधी स्तन जड आणि गाठाळ होतात नि पाळी गेली की सैल पडतात. अंगावर पाजणाऱ्या आईला दूध साठून गाठ होते, म्हणजे जाऊ म्हणते ती दुधाची गाठ खरोखरच असू शकते. पण कोणती गाठ कोणत्या जातीची, हे जावेच्या बोटांना कळत नाही. अनुभवी सर्जनही नुसत्या हातावर विसंबून निकाल देत नाही. ‘बहुतेक’ हा शब्द समूहाला लागू पडतो. ज्या बाईच्या अंगात ती एक गाठ आहे, तिला आपली गाठ कोणती हेच जाणून घ्यायचं असतं.

आणि ‘दुखत नाही ना’ ही जी कसोटी घरोघर लावली जाते, ती तर उलटी आहे. स्तनाचा कर्करोग सुरुवातीला सहसा दुखत नाही. दुखणाऱ्या गाठी बऱ्याचदा पाळीच्या फेऱ्याशी, सिस्टशी किंवा संसर्गाशी संबंधित असतात. म्हणजे दुखरी गाठ घेऊन बाई लगेच दाखवायला जाते आणि जी दाखवायला हवी तीच, दुखत नाही म्हणून, महिनोन्‌महिने पदराआड राहते. पुढे कातडी ओढली जाते, बोंड आत जातं, काखेत अवधाण उठावं तशी गाठ येते, आणि मग घर जागं होतं. भारतात निम्म्याहून अधिक रुग्ण आजार वाढल्यावरच डॉक्टरांसमोर येतात असं अनेक रुग्णालयांच्या नोंदींत दिसतं. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी, चाळिशी-पन्नाशीत गाठतो. तेव्हा मुलं शिकत असतात आणि घराचा भार तिच्या खांद्यावर असतो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षी सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार जणी दगावल्या.

आता ‘टेन्शननं कॅन्सर होतो’ या दाव्याकडे वळू. तो ऐकायला शास्त्रीय वाटतो म्हणून जास्त घातक आहे. ब्रिटनमध्ये जनरेशन्स स्टडी नावाच्या पाहणीत १ लाख ६ हजारांहून अधिक स्त्रियांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष आले. वाट्याला आलेले ताण, कोसळलेले प्रसंग आणि स्तनाचा कर्करोग यांचा सुसंगत संबंध त्यात सापडला नाही. नवरा गेला म्हणून, कर्ज झालं म्हणून, सून भांडली म्हणून गाठ होत नाही. तरीही हा समज टिकून आहे, कारण त्यात दोष बाईवर ढकलता येतो. आधी गाठ, वर तिचं खापरही तिच्याच डोक्यावर.

त्याचाच जोडभाऊ म्हणजे ‘पॉझिटिव्ह राहिलं की आजार बरा होतो’ हा समज. त्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. १९८९ साली अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगेल यांनी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलं की आजार पसरलेल्या ज्या स्त्रिया आधारगटात नियमित बसल्या, त्या इतरांपेक्षा जास्त जगल्या. जगभर त्याचा गाजावाजा झाला. मग कॅनडात पामेला गुडविन आणि सहकाऱ्यांनी २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग काटेकोरपणे केला. २००१ मध्ये निकाल आला: आयुष्य वाढलं नाही. पुढे २००७ मध्ये स्पीगेल यांच्या स्वतःच्या दुसऱ्या प्रयोगातही एकूण आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. पण कॅनडातल्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली होती आणि माझ्या मते खरी मोलाची तीच आहे. गटात बसून मोकळेपणी बोलणाऱ्या स्त्रियांचं मन हलकं झालं आणि वेदनाही कमी जाणवल्या, विशेषतः ज्या आधीपासून जास्त खचलेल्या होत्या त्यांना. त्या गटांत कुणी ‘हसत राहा’ असं सांगत नव्हतं. तिथे भीती उघड बोलली जात होती, रडलं जात होतं. म्हणजे आधार लागतोच, पण तो भीती दाबून मिळत नाही, ती बोलून मिळतो.

सुईनं गाठ तपासण्याची, म्हणजे बायोप्सीची, भीतीही अशीच जुनी आहे. ‘गाठीला सुई लावली की ती पसरते’ हे वाक्य मी बीए झालेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकलं आहे. सुईच्या वाटेवर कधी कधी काही पेशी आढळतात हे खरं, पण त्यानं रुग्णाचं आयुष्य घटतं असं आढळलेलं नाही. उलट सुईच्या तपासणीशिवाय गाठ कोणती, औषध कोणतं, आधी ऑपरेशन की आधी केमो, यातलं काहीच नीट ठरत नाही. या भीतीची मुळं मात्र खोट्या गोष्टीत नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. एके काळी बाईला गुंगी देऊन गाठ काढत, गुंगीतच ती तपासत आणि कर्करोग निघाला तर तिला न उठवता स्तन काढून टाकत. शुद्धीवर आल्यावर तिला कळे. अमेरिकेत रोझ कुशनर या पत्रकार स्त्रीनं स्वतःला हा आजार झाल्यावर या रीतीविरुद्ध मोहीम उघडली आणि १९७९ च्या राष्ट्रीय तज्ज्ञ परिषदेनं तपासणी वेगळी, उपचार वेगळा ही पद्धत उचलून धरली. छातीचे स्नायू काढून टाकणारं जुनं ऑपरेशनही तिथूनच मागे पडलं. आज योग्य वेळी आलेल्या पुष्कळ स्त्रियांचा स्तन वाचवता येतो. गाठ काढून रेडिएशन दिलेल्या स्त्रिया संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइकत्याच जगतात, हे २० वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००२ मध्ये इटली आणि अमेरिका दोन्हीकडच्या अभ्यासांतून सिद्ध झालं. आजीच्या काळातली भीती नातीनं बाळगण्याचं कारण उरलेलं नाही.

आता विरुद्ध पक्षाचा सगळ्यात बळकट मुद्दा. तो घरातल्या वडीलधाऱ्यांचा नाही, अभ्यासकांचा आहे. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या स्त्रियांना दरमहा स्वतःचे स्तन तपासायला काळजीपूर्वक शिकवलं. २००२ मध्ये निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींच्या तपासण्या आणि ऑपरेशनं मात्र वाढली. सोलापूर हेही कापडाचं गाव. चादरी-टॉवेलच्या कारखान्यांतल्या बायकांना जागृतीच्या नावाखाली उगाच भीती का घालायची, असा प्रश्न यावर कुणी विचारला तर तो टाळता येणार नाही.

माझं उत्तर असं. शांघायच्या प्रयोगापुढचा प्रश्न होता तो दरमहा तपासण्याची शिस्त लावून मृत्यू कमी होतात का, हा. हाताला लागलेली गाठ दाखवावी की नाही, हा प्रश्न तिथे नव्हताच. म्हणून कॅलेंडरवर खुणा करून दर महिन्याला धसका घ्यायला मी कुणालाच सांगत नाही. आपलं शरीर कसं आहे याची ओळख असावी आणि नवं काही दिसलं तर दाखवावं, एवढंच म्हणणं आहे. आणि भारतात जागृती फार झाली असं म्हणण्याजोगी परिस्थितीच नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे एकीनंसुद्धा कधी स्तनाची तपासणी करून घेतल्याचं सांगितलं नाही. मुंबईत टाटा मेमोरियलनं वस्त्यांमध्ये १९९८ पासून दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी नुसत्या हातांनी, दर दोन वर्षांनी केली. २०२१ मध्ये ‘बीएमजे’त आलेले निष्कर्ष असे की त्या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधले या आजाराचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीखालच्या स्त्रियांत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

यासाठी मुंबईपर्यंत तरी कशाला जायचं? आपल्याच सोलापूर जिल्ह्यात बार्शी आहे. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके. रुग्ण येईल आणि मग नोंद करू, असं त्यांनी म्हटलं नाही, कारण खेड्यातला रुग्ण येतच नव्हता. म्हणून नोंदणीची माणसं गावोगाव गेली, पारावर बसली, लक्षणं समजावून सांगितली, संशय वाटला त्याला दवाखान्यात आणलं. १९९५ मध्ये त्यांनी जगापुढे मांडलं की जागृती वाढली तसा गर्भाशयमुखाचा कर्करोग पहिल्यापेक्षा लवकर पकडला जाऊ लागला. पुढे धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये जगभर गाजलेल्या, याच कर्करोगाच्या तपासणीच्या प्रयोगालाही याच बार्शीचा आधार होता. या स्त्रिया जमीन कसणाऱ्या, रोजंदारी करणाऱ्या, कित्येकींना अक्षरओळख नव्हती. खरी माहिती आणि जवळ कुणी तपासणारं मिळाल्यावर त्या घाबरून लपल्या नाहीत, पुढे आल्या. बाईला सांगितलं की ती घाबरते, हा आक्षेप बार्शीनं खोडून काढलेला आहे. घाबरवतं ते अर्धवट सांगणं, आणि सांगून वाऱ्यावर सोडणं.

तेव्हा काळजीचं करायचं काय? आधी हे मान्य करू की सगळ्यात छळतो तो अनिश्चितपणा. अमेरिकेत २००९ मध्ये एल्व्हिरा लँग यांनी सुईच्या तपासणीनंतरच्या स्त्रियांच्या लाळेतलं ताणाचं संप्रेरक मोजलं. निकाल न कळलेल्या स्त्रियांच्या शरीरातली त्याची घडी, कर्करोग असल्याचं कळलेल्या स्त्रियांसारखीच विस्कटलेली निघाली. म्हणजे निकाल लटकवत ठेवणं ही शरीरालाही शिक्षा आहे. मग मन शांत ठेवण्याची जबाबदारी एकट्या बाईवर का? ती जितकी तिची, त्याहून जास्त घराची आणि दवाखान्याची आहे.

तपासण्या तीनच: डॉक्टरांच्या हाताची, सोनोग्राफी किंवा चाळिशीपुढे मॅमोग्राफी, आणि गरज पडल्यास सुईची. तिन्ही एकच सांगत असतील तर त्या निकालावर विश्वास टाकून रात्री झोपावं. एक जरी वेगळं बोलत असेल तर पुन्हा तपासणी मागावी, त्यात कुणाचा अपमान नाही. तरुण मुलीला पाळीच्या तोंडावर गाठ लागली असेल तर एक पाळी जाऊ द्यावी. दुसरी जाऊ देऊ नये. कडक गाठ, आत ओढलेली कातडी, बोंडातून रक्ताळ पाणी, काखेतली गाठ यांतलं काही असेल तर तेवढंही थांबू नये.

आणि दवाखान्यांनी हे ऐकावं. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं होते. तिला आज तपासायला, परवा सोनोग्राफीला, पुढच्या आठवड्यात सुईला आणि नंतर रिपोर्टला बोलावलं तर चार दिवसांची मजुरी बुडते. दुसऱ्या खेपेला ती येत नाही आणि आपण म्हणतो, बायका बेफिकीर असतात. शक्य तितकं एका दिवसात उरकावं, रिपोर्टची तारीख लिहून द्यावी आणि ती पाळावी. स्त्री डॉक्टर नसेल तर निदान स्त्री परिचारिका खोलीत असावी. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, त्यांना त्यांच्या भाषेत समजावणारं कुणी असावं. यातल्या कशालाही मोठं यंत्र लागत नाही.

त्या मधल्या दिवसांत बाईनं काय करावं, हे मला सांगायचं आहे ते इतकंच: निदान एका माणसाला सांगावं, मनात येतील ते प्रश्न कागदावर लिहावेत, डॉक्टरांपुढे तो कागद उघडावा. रोज दहादा गाठ चाचपू नये, चाचपून ती कळत नाही आणि जागा मात्र दुखरी होते. कामाला जावंसं वाटलं तर जावं, रडावंसं वाटलं तर रडावं.

घरातल्या पुरुषांना माझी विनंती आहे. बायको, आई, बहीण गाठ लागली म्हणाली तर तिला धीराची वाक्यं ऐकवू नका. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात, रेशनकार्ड नि आधारकार्ड बरोबर घ्या आणि योजनेच्या खिडकीवर चौकशी करा. एक दिवसाची रजा काढा, तिच्याबरोबर सिव्हिलला जा, नाहीतर बार्शीची एसटी धरा, आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत तिच्या शेजारी बसून राहा.