सावल्यांची भूमिती आणि खालचं नाव

आधुनिक शहराच्या छायाचित्रांविषयी लिहिताना प्रकाश, सावली, भूमिती हे शब्द हमखास येतात. इमारतींच्या उभ्या रेषा, जिन्यांच्या तिरप्या सावल्या, उन्हाचे चौकोन. माणूस त्यात असतो तो बहुधा इमारत केवढी हे कळावं म्हणून! १९३६ साली अमेरिकेतल्या ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या पहिल्या अंकावर एका धरणाच्या काँक्रीटच्या बांधकामाचं छायाचित्र आलं, त्यात पायथ्याशी माणसं अगदी मुंगीएवढी आहेत. (काढलं होतं मात्र एका बाईनं, मार्गारेट बर्क-व्हाइटनं.)

या साप्ताहिकाचे जुने अंक मुंबईत होमाई व्यारावाला पाहत असत. १९१३ साली नवसारीला जन्मलेल्या होमाई जे. जे. कलाशाळेत शिकल्या. तिसाच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आपल्याबरोबर शिकणाऱ्या मुलींची छायाचित्रं काढली. उजेड-सावलीचं नवं भान त्यांतही आहे, पण इथली बाई इमारतीचं माप दाखवायला उभी नाही. पिंपळनेरच्या आमच्या शिबिरात ही चित्रं फिरवली, तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, “ताई, ह्या कोणाला वाट द्यायला थांबलेल्या वाटत नाहीत.” सावल्यांच्या चर्चेत हे कोणी बोलत नाही.

आणि चित्राखालचं नाव? होमाईंची सुरुवातीची छायाचित्रं पती माणेकशा यांच्या नावानं छापली गेली. कॅमेरा त्यांना माणेकशांनीच शिकवला, हेही सांगायला हवं. पण त्या अनोळखी, त्यातून बाई, म्हणून नाव त्यांचं नाही. पुढे त्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या. पद्मविभूषण मिळालं ते २०११ साली, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी. दुसऱ्याच वर्षी त्या गेल्या.

हे सांगत असतानाच मला आमचा वार्षिक अहवाल आठवला. दारूबंदीच्या मोर्चाचे त्यातले सगळे फोटो गटातल्या एका मुलीनं काढले. भर उन्हात, घराच्या पत्र्यावर चढून. रस्त्यावर बायकांच्या सावल्यांची लांब रांग पडलीय, असा एक फोटो तर मुखपृष्ठावरच आहे. खाली संस्थेचं नाव आहे, अध्यक्षांचं आहे, छापखान्याचंही आहे. तिचं नाही. मजकूर मीच तपासला होता.

शिबिरानंतर तिला विचारलं, तर म्हणाली, “ताई, घरी नाव कळलं असतं तर पत्र्यावर चढले म्हणून ओरडले असते.” म्हणजे नाव घालण्याआधी तिच्या घरी जाऊन बोलायला हवं. रविवारी आम्ही दोघी जाणार आहोत.