माने, मोरे आणि गप्प बसणारा ई

इंग्रजीच्या नियमानं वाचलं तर पुण्याचं ‘प्यून’ होतं. पुणेकरांना ते झोंबेल, पण आमच्या सातारा-सांगलीकडंही काही धड राहत नाही. माने होतात ‘मेन’, मोरे ‘मोर’, काळे ‘केल’. रयत शिक्षण संस्था १९१९ साली स्थापन झाली ती कराडजवळच्या काले गावात. नियमानं तेही ‘केल’च, म्हणजे हल्ली मॉलमध्ये महागात मिळते ती परदेशी पालेभाजी.

नियम तसा सोपा. शब्दाच्या शेवटचा ई स्वतः गप्प बसतो आणि मधलं व्यंजन ओलांडून मागच्या स्वराचा आवाज बदलतो. कॅपचा केप, किटचा काइट, हॉपचा होप. कराडकडच्या एका शाळेत बाईंनी यासाठी कार्डशीटच्या पट्ट्या केल्या होत्या. शेवटचा ई मागं दुमडलेला. पट्टी मिटलेली असली की ‘पिन’, उघडली की ‘पाइन’. पोरं चढाओढीनं ओरडत होती. तेवढ्यात एकीनं पाटीवर आपलं आडनाव लिहून दाखवलं, एम-ए-एन-ई. ‘बाई, मग मी मेन?’ बाई हसल्या. ‘नाही गं, तू मानेच.’ आणि पुढचा शब्द घेतला.

मला विचाराल तर त्या तासातला सगळ्यात चांगला प्रश्न तोच होता. नियम नीट कळल्याशिवाय असा प्रश्न पडत नाही.

त्याचं उत्तरही रंजक आहे. हा ई काही जन्मापासून मुका नव्हता. चौदाव्या शतकात, चॉसरच्या इंग्लंडात, ‘नेम’ हा शब्द साधारण ‘ना-म’ असा, शेवटचा अ सुटा ऐकू येईल असा म्हणत. पुढं तो शेवट झिजला, मधला आ सरकत सरकत ए झाला, पण स्पेलिंग जागचं हललं नाही. १५८२ मध्ये रिचर्ड मल्कास्टर या लंडनच्या हेडमास्तरानं स्पेलिंगवर पुस्तक लिहिलं आणि या बिनकामाच्या ई-ला मागचा स्वर लांब असल्याची खूण म्हणून कामाला लावलं. म्हणजे ‘माने’ वाचायला चॉसर आजच्या इंग्रजापेक्षा बरा पडला असता!

राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. तेव्हाचे शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे. त्यांच्याही आडनावाच्या शेवटी हाच ई, आणि तो चांगला खणखणीत बोलतो.

खूण एकीकडं आणि आवाज दुसरीकडं, हे मराठी मुलाला नवं नाही. ऱ्हस्व वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो आणि तिचा उच्चार नंतर करतो. मुलं अडतात ती अपवाद लपवले जातात म्हणून. हॅव, गिव्ह, लव्ह यांत ई आहे, कारण इंग्रजीत शब्द सहसा व्ही-वर संपवत नाहीत, एवढंच. कम, सम, डन मात्र सरळ पाठ करावेत.

तेव्हा गुरुजी-बाईंना एक विनंती. फळ्यावर दोन रकाने करा. एकात ई गप्प बसणारे इंग्रजी शब्द, दुसऱ्यात ई बोलणारी आपली नावं-गावं. दुसरा रकाना पोरांनाच भरू द्या. माने, मोरे, रेठरे, नेर्ले... फळा पुरणार नाही.