खिशांतला गवई आणि त्याचा धनी

गवई मैफलीस बसला म्हणजे प्रथम तंबोरा जुळवितो. खुंट्या पिळतो, मणी सरकवितो, तारेखालचा दोरा हलकेच इकडेतिकडे करतो. परंतु तंबोऱ्याच्या सोयीसाठीं आपला गळा बदलावा, असें त्याच्या स्वप्नींही येत नाहीं. कोणीं कोणाशीं जुळावयाचें हा प्रश्न आमच्या संगीतानें केव्हांच निकालांत काढला आहे: वाद्यानें माणसाशीं जुळावें. गेल्या पंचवीस वर्षांत सुशिक्षित कुटुंबांच्या खिशांत जें गाणारें यंत्र आलें, त्याच्या कारखानदारांस मात्र हा साधा धडा अद्याप उमगलेला दिसत नाहीं. हें यंत्र संगणकास जोडून दोहोंतील गाणीं एकसारखीं करण्याच्या क्रियेस ते ‘सिंक’ असें लाडकें नांव देतात. आपण तिला मेळ म्हणूं. पण हा मेळ असा कीं, त्यांत एका बाजूनें हुकूम सोडावयाचा आणि दुसरीनें मुकाट्यानें मान तुकवावयाची!

आमच्याच घरची हकीकत सांगतों. आमच्या एक आत्याबाई होत्या. त्या कधीं रंगभूमीवर उभ्या राहिल्या नाहींत, कीं त्यांचें गाणें कोणी तबकडीवर घेतलें नाहीं. परंतु ‘सौभद्र’ आणि ‘मानापमान’ ह्या नाटकांतील पदें त्या अशा कांहीं म्हणत कीं, गौरी जेवल्या त्या रात्रीं आळींतलीं माणसें आमच्या ओट्यावर येऊन बसत. त्यांच्या सत्तराव्या वर्षीं आम्हीं त्यांचीं सहा पदें कॅसेटवर उतरवून घेतलीं. पुढें एका दुकानदाराकडून तीं संगणकावर चढवून घेतलीं, तेथून खिशांतल्या यंत्रांत भरलीं, आणि ‘आतां ही अडगळ कशाला?’ असें म्हणून कॅसेट रद्दीबरोबर देऊन टाकली. हा अपराध सर्वस्वीं आमचा. तो आम्ही यंत्राच्या माथीं मारीत नाहीं.

कांहीं वर्षांनीं संगणक एकाएकीं निकामी झाला. तरीही आम्ही निश्चिंत होतों, कारण सहाही पदें यंत्रांत सुखरूप होतीं आणि रोज सकाळीं ऐकूं येत होतीं. नवा संगणक आणला, यंत्र त्यास जोडलें आणि पदें इकडे घेऊं लागलों, तों कळलें कीं, ह्या घराला आंत जाण्याची वाट आहे, बाहेर येण्याची नाहीं. एवढ्यांत पडद्यावर प्रश्न उमटला: हें यंत्र दुसऱ्या संग्रहाचें आहे, तें पुसून ह्या संग्रहाशीं मेळ घालावा काय? घरांतल्या मुलानें ‘मेळ’ एवढाच शब्द पाहिला आणि विश्वासानें ‘होय’ म्हटलें. नव्या संगणकावरचा संग्रह रिकामा होता. यंत्रानें मोठ्या इमानानें त्या रिकामपणाशीं मेळ घातला. आत्याबाईंना जाऊन त्या वेळीं तीन वर्षें झालीं होतीं.

ही गोष्ट केवळ एका घरच्या निष्काळजीपणाची असती, तर ती मासिकाच्या पानावर आणण्याचें आम्हांस कांहींच कारण नव्हतें. परंतु यंत्रानें येथें कांहीं चूक केली असें नाहीं. त्यानें आपलें काम चोख बजाविलें, हीच खरी तक्रार आहे. संगणकावरील संग्रह हा धनी आणि खिशांतलें यंत्र ही त्याची केवळ पडछाया, अशी ह्या मेळाची मूळ कल्पना. धन्याजवळ जें नाहीं तें पडछायेंतून पुसलें गेलेंच पाहिजे! पैसे देऊन यंत्र विकत घेणारा मनुष्य ह्या व्यवहारांत कोठें बसतो? तो धनीही नव्हे आणि पडछायाही नव्हे. तो नुसता तार जोडणारा हमाल.

जुन्या यंत्राची गोष्ट अशी नव्हती. १ जुलै १९७९ रोजीं जपानांत सोनीचा पहिला वॉकमन विक्रीस आला. त्यांत कोणत्याही दुकानांतली कॅसेट चाले, मित्राकडची चाले, घरच्या ओट्यावर भरलेलीही चाले, ‘तूं कोणाची?’ असें त्यानें कोणत्याही कॅसेटला कधीं विचारलें नाहीं. २३ ऑक्टोबर १९०१ नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनंतरच्या २००१ सालच्या त्याच दिवशीं अ‍ॅपल कंपनीनें आयपॉड पुढें आणला. पांच गिगाबाइटांच्या त्या डबींत हजार गाणीं मावत. ह्या कौतुकानें जग दिपून गेलें, आणि हजार गाण्यांच्या बदल्यांत आपण कोणता हक्क सोडून देत आहों हें पाहण्याचें भान कोणास राहिलें नाहीं.

वस्तुतः त्या हक्काचा विचार त्याआधींच झालेला होता. १९९८ सालीं डायमंड कंपनीनें ‘रिओ’ नांवाचें असेंच एक यंत्र काढलें, तेव्हां अमेरिकेंतील तबकडीवाल्या कंपन्यांच्या संघानें तिच्यावर फिर्याद केली. १९९९ सालीं अपील न्यायालयानें निकाल यंत्राच्या बाजूनें दिला आणि आपल्याजवळचें संगीत आपल्याच उपयोगासाठीं एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणें कायद्याच्या हेतूशीं सुसंगत आहे, असा अभिप्राय नमूद केला. पण न्यायासनानें जें दिलें तें पुढें कुलुपानें हिरावून घेतलें. २००३ सालीं अ‍ॅपलनें गाण्यांचें दुकान उघडलें तें गाण्यांना कुलपें लावूनच; तीं कुलपें सर्व गाण्यांवरून काढण्याची घोषणा व्हावयास २००९ साल उजाडावें लागलें. मायक्रोसॉफ्टनें तर २००८ सालीं आपल्या बंद केलेल्या दुकानांतील गिऱ्हाइकांस कळविलें कीं, ठरल्या दिवसानंतर तुमचीं विकत घेतलेलीं गाणीं नव्या संगणकावर उघडून मिळणार नाहींत. ओरड झाली तेव्हां मुदत वाढविली. मुदत! विकत घेतलेल्या वस्तूला मुदत कसली?

२०१४ च्या डिसेंबरांत ऑकलंड येथील न्यायालयांत अ‍ॅपलविरुद्ध चाललेला खटला ह्या दृष्टीनें मननीय आहे. वादींच्या वकिलांचें म्हणणें असें कीं, २००७ ते २००९ ह्या काळांत दुसऱ्या दुकानांतलीं गाणीं आयपॉडांत असलीं, तर मेळ घालतांना दोषाची सूचना येई, यंत्र मूळ स्थितीस नेण्यास सांगण्यांत येई, आणि तसें केल्यावर तीं गाणीं नाहींशीं होत. कंपनीनें उत्तर दिलें कीं, हें गिऱ्हाइकाच्याच सुरक्षिततेसाठीं होतें. ज्यूरीनें ही खरीखुरी सुधारणा असल्याचें मानून कंपनीच्या बाजूनें निकाल दिला. व्यापारी स्पर्धेच्या कायद्यानें पाहतां तो योग्यही असेल. त्याबद्दल आमचा वाद नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे: ज्याच्या खिशांतून गाणीं गेलीं, त्यास आधीं विचारलें होतें काय?

मेळाची हीच हुकूमत यंत्राच्या मांडणींतही दिसून येते. आमच्या यंत्रास जग मुख्यतः तीनच खान्यांत मांडतां येई: गायक, संग्रह आणि गीत. रागाला खाना नाहीं, तालाला नाहीं, नाटकालाही नाहीं. ‘मानापमान’ १९११ सालीं रंगभूमीवर आलें. पदें खाडिलकरांचीं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. यंत्रांत शिरतांच ह्या नाटकाचे जितके गायक तितके तुकडे होतात. बालगंधर्व हें नांव रोमन लिपींत एके ठिकाणीं जोडून, दुसऱ्या ठिकाणीं तोडून आणि तिसऱ्या ठिकाणीं नारायणराव राजहंस असें लिहिलेलें असलें, कीं यंत्राच्या लेखीं ते तीन निराळे गृहस्थ! विलंबित ख्याल आणि त्यामागून येणारी द्रुत चीज हीं यंत्रास दोन स्वतंत्र गीतें वाटतात. त्यामुळें उलटसुलट वाजविण्याची कळ चुकून दाबली गेली तर द्रुत आधीं, विलंबित मागाहून आणि मध्यें एखादी लावणी, असा विलक्षण पंक्तिप्रपंच ऐकावयास मिळतो. हें सारें हातानें नीट लावून ठेवावें, तर पुढच्या मेळांत संगणकावरचीं जुनीं नांवें पुन्हां येऊन बसतात. येथेंही गळ्यालाच तंबोऱ्याशीं जुळावें लागतें.

‘ही रड आतां शिळी झाली,’ असें आमचे तरुण मित्र म्हणतील. ‘२०२२ च्या मे महिन्यांत आयपॉडाचें उत्पादनच बंद झालें. आतां तार नाहीं, संग्रह नाहीं. महिन्याची वर्गणी भरावी आणि फोनवर वाटेल तें ऐकावें.’ सोय मोठी आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण ह्या नव्या व्यवस्थेंत धनी बदलला, दास्य तेंच राहिलें. वर्गणी थांबली कीं फोनवर उतरवून घेतलेलीं गाणीं मुकीं होतात. कंपन्यांचे आपसांतले करार संपले कीं आवडीचें गाणें यादींतून एके दिवशीं गुपचुप नाहींसें होतें. शिवाय, त्या अफाट भांडारांत जगांतले सर्व नामांकित गवई सांपडतील. आमच्या आत्याबाई तेथें कोठून सांपडणार? कुटुंबाचें खरें संगीत विकत मिळत नाहीं, आणि म्हणूनच तें घरांत राखतां आलें पाहिजे.

‘गाणीं बाहेर काढूं दिलीं तर चोरी बोकाळेल,’ असा दुसरा आक्षेप आहे. चोरानें ह्या कुलुपाची किल्ली पहिल्याच दिवशीं बनविली. अडकून पडला तो सज्जन. चोराच्या भयानें घराचें दार मालकाच्याच तोंडावर लावणारा पहारेकरी कोण ठेवून घेईल?

आमचें मागणें मोठें नाहीं. यंत्रांत जें गेलें तें त्याच वाटेनें बाहेर काढतां यावें. पुसण्यापूर्वीं काय पुसलें जाणार ह्याची यादी दाखवावी, आणि धन्यानें उत्तर न दिल्यास तें ‘नाहीं’ असें समजावें. गाणीं कोणत्याही यंत्रावर वाजतील अशाच पद्धतीनें ठेवावीं. एमपीथ्रीच्या परवान्यांचा व्यवहार तर २०१७ सालींच संपला आहे, तेव्हां त्याची सबब आतां उरलेली नाहीं. वाचकांकडेही एक मागणें आहे. घरांतल्या वडीलधाऱ्यांचे आवाज ज्यांनीं भरून ठेवले असतील, त्यांनीं ते एकाच यंत्राच्या भरंवशावर ठेवूं नयेत. दोन निराळ्या ठिकाणीं प्रती ठेवाव्या आणि मूळ कॅसेट रद्दींत देऊं नये.

गेल्या दिवाळींत सांगलीच्या आमच्या चुलतबहिणीच्या माळ्यावर एक कॅसेट निघाली. तिच्यावर आत्याबाईंचीं दोन पदें आहेत. फीत जुनी झाली आहे, मध्यें खरखर आहे, पण लावतांच ती वाजली. तिनें आम्हांस कांहींएक विचारलें नाहीं. बाकीचीं चार पदें गेलीं तीं गेलींच.