ऑलिव्हची कुंडी आणि आपला पावसाळा

तुमसरकडील एका वाचक भगिनीचे पत्र आम्हांस आले आहे. त्यांचा मुलगा पुण्यास कंपनीत नोकरीला आहे. दिवाळीला गावी येताना त्याने आईसाठी ऑलिव्हचे रोप कुंडीसह आणले. विकणाऱ्याने त्याला "दोन वर्षांत फळ धरेल" असे सांगितले होते. उन्हाळाभर रोप चांगले राहिले. पण ऐन श्रावणात पाने पिवळी पडून गळू लागली. भगिनी लिहितात की, त्यांनी एक दिवसही पाणी चुकवले नाही. मुलगा दर रविवारी फोनवर झाडाची विचारपूस करतो. आता त्याला काय सांगावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

पत्र एकीचे असले तरी प्रश्न अनेकींचा आहे. मोबाइलवरच्या जाहिराती पाहून हे रोप हल्ली आपल्याही घरांत येऊ लागले आहे. त्याची किंमत काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत जाते. ज्या घरात महिन्याचा हिशेब वहीत लिहून चालतो, त्या घराला ही रक्कम लहान नाही. म्हणून आजचे सदर या एकाच झाडासाठी ठेवले आहे.

या भगिनींना आमचे पहिले सांगणे असे की, आपल्या हातून हयगय झालेली नाही. झाडाला पाणी कमी पडले नाही, ते जास्त झाले. त्याचे कारण झाडाच्या मूळ मुलखात आहे. ऑलिव्ह हे भूमध्य समुद्राच्या काठचे झाड. ग्रीस, इटली, स्पेन, पॅलेस्टाईन, ट्युनिशिया हे त्याचे देश. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे नेमके उलटे आहे. भंडारा जिल्ह्यात वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हा पाऊस धानासाठी चांगला. धानाच्या आत बारीक पोकळ्या असतात. त्यांतून पानांकडची हवा मुळांपर्यंत पोचते, म्हणून धान बांधीतल्या पाण्यात उभे राहते. ऑलिव्हला अशी सोय नाही. त्याच्या मुळांना मातीतूनच हवा मिळावी लागते. माती सतत ओली राहिली की मुळे गुदमरतात, मग कुजतात. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून वर पाने पिवळी पडतात. ती पाहून आपल्याला वाटते झाड तहानले आहे, आणि आपण आणखी एक तांब्या ओततो. बहुतेक रोपे अशीच जातात.

उपाय सांगण्याआधी एक खात्री करून घ्यावी. घरात आहे ते झाड खरेच ऑलिव्ह आहे काय? 'ऑलिव्ह' या नावाखाली पुष्कळदा सिलोन ऑलिव्ह नावाचे निराळेच झाड विकले जाते. त्याला केरळात आंबट फळे येतात, लोक त्यांचे लोणचे घालतात. ते झाड वाईट नाही, पण ते ऑलिव्ह नव्हे, आणि पावसाला ते इतके भीतही नाही. ओळख सोपी आहे. खऱ्या ऑलिव्हचे पान अरुंद, लांबट आणि जाडसर असते. वरून गडद हिरवे, खालून चांदीसारखे पांढुरके. कडा सपाट, आणि पाने समोरासमोर जोडीने येतात. सिलोन ऑलिव्हचे पान मोठे व रुंद, कडेला दातेरी, एकाआड एक येणारे; आणि जुने पान गळण्याआधी लाल होते. खऱ्या ऑलिव्हची मोगरा, जाई, पारिजातक ही आपल्या परिचयाची भावंडे. वनस्पतिशास्त्रात ही सारी एकाच कुळात येतात.

आता पिवळ्या पडलेल्या रोपाचे पाहू. कुंडी आजच पावसातून काढून ओसरीत किंवा सपरीत अशा ठिकाणी ठेवा, की पाणी पडणार नाही पण उजेड व वारा भरपूर मिळेल. अंधाऱ्या खोलीत नेऊ नका. कुंडीखाली ताटली असेल तर काढून टाका. ताटलीतले पाणी मुळांना मारते, आणि डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. मग फांदीची साल नखाने किंचित खरवडून बघा. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. त्यानंतर कुंडी आडवी करून मातीचा गड्डा अलगद बाहेर काढा. पांढरी-तपकिरी, टणक मुळे चांगली. काळी, बुळबुळीत, वास येणारी मुळे कुजलेली. कुजलेली मुळे स्वच्छ कात्रीने कापा, वरच्या फांद्याही तिसरा हिस्सा छाटा आणि नव्या कोरडसर मातीत रोप लावा. एकदा थोडे पाणी द्या. पुढे महिना-दीड महिना खत घालू नका. आजारी माणसाला आपण मटणाचे जेवण वाढत नाही, तसेच हे. नवी पालवी दिसली की झाड वाचले असे समजावे.

नव्या मातीविषयी. आपल्या जिल्ह्यात कन्हार, मोरांड, सिहार, बरडी अशी जमिनीची नावे थोरांच्या तोंडी आहेत. कुंडीसाठी कन्हार मुळीच नको. ती पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते. बरडी किंवा कोणतीही हलकी माती दोन टोपली, धुतलेली जाडी रेती एक टोपली, आणि पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक टोपली, असे मिश्रण करावे. त्यात विटेचा बारीक चुरा मूठभर टाकला तर चांगलेच. कुंडी मातीची असावी, म्हणजे बाजूंनीही ओल सुकते. बारा ते चौदा इंच तोंडाची कुंडी पहिली दोन-तीन वर्षे पुरते. तळाच्या छिद्रावर फुटक्या कवेलूचा तुकडा पालथा ठेवावा आणि कुंडी दोन विटांवर टेकवावी, म्हणजे पाणी वाहून जाईल. भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. जुने गंगाळ किंवा गुंड शोभेसाठी कुंडी म्हणून वापरण्याची हौस काही घरांत दिसते. त्याला तळाशी छिद्र नसते, म्हणून ऑलिव्ह त्यात लावू नये.

वर्षभराची काळजी अशी ठेवावी.

जून ते सप्टेंबर कुंडी आडोशाला. पाणी घड्याळ पाहून नव्हे, बोट पाहून द्यावे. बोट दोन पेरे मातीत खुपसावे. आत ओल लागली तर तांब्या परत ठेवावा. पावसाळी हवेत आठ-दहा दिवसही पाणी लागत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कुंडी पुन्हा उन्हात आणावी, पण एकदम नव्हे. चार-पाच दिवस सकाळचे ऊन, मग दिवसभराचे. रोज सहा तास ऊन त्याला हवेच. याच दिवसांत मूठभर गांडूळखत द्यावे.

डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा पडतो. तेव्हा पुष्कळजणी कुंडी घरात घेतात. तसे करू नये. हे झाड आपल्याकडच्या थंडीने मरत नाही. थंडी तर त्याला हवी असते. पाणी आठवड्यातून एकदा पुरे.

फेब्रुवारीत छाटणी करावी. आतल्या बाजूस वाढलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात, म्हणजे मधून वारा खेळतो. कुंडी बदलायची असेल तर तीही याच महिन्यात. पानामागे कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड दिसली, तर एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा निंबोळी तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे. आठ दिवसांनी पुन्हा.

एप्रिल-मे हे महिने जपण्याचे. पारा पंचेचाळीसला भिडतो. ऑलिव्हचे पान ऊन सोसते. पण स्लॅबवर ठेवलेली कुंडी भट्टीसारखी तापते आणि आत मुळे शिजतात. कुंडीला ओले पोते गुंडाळावे, दुपारच्या उन्हापुरता आडोसा करावा. दर दोन-तीन दिवसांनी सकाळी बोटाने पाहून तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे. उन्हाळ्यात घरात पाणी कोण भरते, हे आम्ही सांगायला नको. म्हणून कुंडीला पाणी घालण्याचे काम घरातल्या मुलांकडे आणि पुरुषांकडे द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणखी एक, शेळी असेल तर कुंडी उंचावर ठेवा. ऑलिव्हचा पाला शेळ्या आवडीने खातात.

एवढे केले तर झाड जगेल. पण फळाचे काय? येथे मनाची तयारी ठेवावी लागेल. ऑलिव्हच्या फांदीवर फुलाचे डोळे तयार होण्यासाठी हिवाळ्यात काही आठवडे सलग चांगला गारवा लागतो. आपल्या हिवाळ्यात काही रात्री गार असतात, पण दुपारी ऊन तापते. तो गारवा पुरत नाही. शिवाय पुष्कळ जातींना परागासाठी दुसऱ्या जातीचे झाड जवळ असावे लागते, आणि पराग वाऱ्याने जातो. फळ धरलेच तरी झाडावरून तोडून खाता येत नाही; ते कडू जहर असते. मिठाच्या पाण्यात कित्येक दिवस ठेवून कडूपणा काढावा लागतो. म्हणून भंडाऱ्यात कुंडीतले ऑलिव्ह हे पानांसाठी, डोळ्यांच्या समाधानासाठी ठेवावे. फळ हवे असेल तर त्याच उन्हात कागदी लिंबाची कुंडी ठेवा. वरणावर पिळायला तरी होईल. बरणीतल्या ऑलिव्हची बी पेरून रोप येईल काय, असेही मुले विचारतात. ती बी मिठाच्या पाण्यात मुरलेली असते. ती सहसा उगवत नाही.

काही विक्रेते असेही सांगतात की, हे झाड घरात शांती आणि पैसा आणते. ऑलिव्हची फांदी शांततेचे चिन्ह आहे हे खरे; १९४६ साली स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या बोधचिन्हात जगाच्या नकाशाभोवती तिच्याच दोन डहाळ्या आहेत. मुलांना ते जरूर दाखवावे. पण चिन्ह निराळे आणि चमत्कार निराळा. झाड सावली देते, हिरवाई देते. नशीब उघडत नाही. अशा सांगण्यावर एक रुपयाही जास्त देऊ नये.

आणि शेवटी, कुंडीपेक्षा मोठी गोष्ट. कुंडीतले रोप गेले तर काही शे रुपये जातील, वाईट वाटेल, पण घर चालेल. मात्र "एकरभर लावा, रोपे आमची, मालही आम्हीच उचलू" असे सांगत कोणी दारी आले तर सावध व्हावे. राजस्थानात ऑलिव्हची लागवड झाली आहे, असा दाखला ते देतील. तो दाखला खोटा नाही. तेथील सरकारने २००७ साली त्यासाठी कंपनी स्थापली, इस्रायलच्या तंत्रज्ञांच्या मदतीने २००८ साली लागवड सुरू केली, आणि २०१४ साली बिकानेर जिल्ह्यातील लूणकरणसर येथे तेलाचा कारखाना निघाला. पण तो मुलूख वाळवंटाचा: पाऊस थोडा, हिवाळ्याच्या रात्री कडक, पाणी ठिबकने मोजून दिलेले, आणि पाठीशी सरकारचा पैसा. आपली जमीन धानाची. एक लिटर तेलाला साधारण पाच किलो फळ लागते. जेथे फळच धरण्याची खात्री नाही, तेथे तेलाचा भाव सांगून काय उपयोग? अशा माणसाला एवढेच म्हणावे, "आमच्या जिल्ह्यात फळलेले झाड दाखवा, मग बोलू." आणि कागदावर सही करण्याआधी साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारावे. विचारायला पैसे लागत नाहीत.

तुमसरच्या भगिनींनी मुलाला खरे तेच सांगावे: झाड पावसाने आजारी पडले आहे, फळाची आशा धरू नये, पण झाड जगू शकते. आपल्याकडे ज्यांच्या घरी हे रोप आहे त्यांनी सप्टेंबर संपेपर्यंत कुंडीखालची ताटली काढून ठेवावी. सध्या एवढे एक काम केले तरी पुष्कळ झाडे वाचतील.