रस्ता कोणाच्या मालकीचा?

पुण्याची एके काळची ओळख ‘सायकलींचे शहर’ अशी होती. पाळीचा भोंगा झाला की खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वाटेवर सायकलस्वार कामगारांची रीघ लागे. कारकून, प्राध्यापक, विद्यार्थी, दूधवाले असे सारेच सायकलवर असत. ज्याच्यापाशी स्वतःची नसे तो तासाच्या भाड्याने घेई. सायकलीवर कर होता, कर भरल्याचा बिल्ला होता आणि रात्री दिवा नसला तर पोलीस अडवीत. हा जाच खराच. परंतु रस्ता वापरणारा नागरिक म्हणून सायकलस्वाराची दखल नगरपालिकेच्या दप्तरी होती. पुढे बिल्ला गेला आणि ती दखलही गेली. २०१८ साली याच शहरात नोंदलेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेली. ज्या रस्त्यांवरून कामगार निर्धास्तपणे सायकल हाकीत असे, त्याच रस्त्यांवर त्याच्या मुलांना शाळेला सायकलवर पाठवण्याचे धाडस आज आईबापांना होत नाही.

हा प्रश्न एकट्या पुण्याचा नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील बत्तीस हजारांहून अधिक पायी चालणारी होती आणि साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक जण पादचारी. एखाद्या कारखान्यात किंवा खाणीत इतके बळी पडते, तर चौकशी आयोग नेमण्याची मागणी झाली असती. रस्त्यावरच्या मृत्यूला मात्र ‘अपघात’ म्हटले की सर्वांची जबाबदारी संपते. वस्तुतः यात दैवाचा भाग फार थोडा आहे. वाहनाच्या आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी तीस किलोमीटरऐवजी पन्नास किलोमीटर वेगाने आलेली मोटार पावणेतीनपट शक्तीने माणसाला धडकते. रस्ता रुंद व सरळ करून वेगाला मोकळीक द्यायची, पदपथ मात्र अरुंद करायचा, आणि माणूस चिरडला की तो निष्काळजीपणे रस्ता ओलांडत होता असे पंचनाम्यात लिहायचे, ही रीत आता रूढ झाली आहे.

रस्ता ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिचे वाटप कोण करतो आणि कोणाच्या बाजूने करतो, हा या प्रश्नाचा गाभा आहे. २०११ च्या जनगणनेने शेती व घरगुती उद्योग सोडून इतर कामकरी लोक कामावर कसे जातात याची नोंद घेतली. सुमारे साडेचार कोटी लोक पायी जात होते, अडीच कोटींहून अधिक सायकलने जात होते, आणि मोटारीने जाणारे पाऊण कोटीदेखील नव्हते. तरीही नगरनियोजनाचा सगळा हिशोब मोटारीच्या सोयीने मांडला जातो. पुण्यातील विद्यापीठ चौकाचे उड्डाणपूल दोन दशकेही टिकले नाहीत. वाहतुकीची कोंडी फोडण्यासाठी बांधलेले हे पूल २०२० साली पाडावे लागले. पैसा जनतेचा होता. त्या पैशातून किती पदपथ बांधून झाले असते, हे मात्र कोणी विचारले नाही. घराबाहेर पडून पायी कामावर जाणारी मोलकरीण कररूपाने या पुलांचा खर्च भरते आणि त्यांच्या खालून जीव मुठीत धरून रस्ता ओलांडते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. स्कूटर किंवा मोटारसायकल चालवणारा हा श्रमिकांचा शत्रू नव्हे. रस्त्यांवर मरणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीस्वारांचाच आहे. १९७२ साली लूना बाजारात आली, तेव्हा ती घेणाऱ्यांत सायकलवरून उतरलेला नोकरदार मोठ्या संख्येने होता. शहर पसरत गेले, घर कामापासून दूर गेले आणि बस वेळेवर मिळेना. अशा स्थितीत त्याने कर्ज काढून दुचाकी घेतली यात नवल नाही. त्याची चैन म्हणून नव्हे, तर सार्वजनिक वाहतुकीच्या उपेक्षेची ती किंमत म्हणून पाहिली पाहिजे. म्हणूनच चांगली बससेवा, रुंद पदपथ आणि सुरक्षित सायकलमार्ग या तीन मागण्या वेगळ्या करता येणार नाहीत. बसचा प्रत्येक प्रवासी थांब्यापर्यंत पायीच जातो.

कागदावर धोरणांची उणीव नाही. वाहनांची नव्हे तर माणसांची वाहतूक सुकर करावी, हे तत्त्व केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने मान्य केले. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण व २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशे किलोमीटरांच्या आसपास सायकलमार्गांचे जाळे सुचवलेले होते. प्रत्यक्षात जे मार्ग आहेत ते तुकड्यातुकड्यांनी आहेत. मध्येच विजेची पेटी, पुढे लावलेल्या मोटारी, आणि चौक आला की मार्गच नाहीसा होतो. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा होतो. उपक्रम स्तुत्यच आहे. पण वर्षातला एक दिवस पादचाऱ्याला बहाल करताना उरलेले तीनशे चौसष्ट दिवस कोणाचे, याची कबुलीही त्यातून मिळते.

पदपथाचा विषय निघाला की प्रशासनाला प्रथम फेरीवाला आठवतो. अतिक्रमणविरोधी गाडी येते, भाजीची पाटी उचलली जाते, आणि त्याच पदपथावर चढवलेल्या मोटारी जागच्या जागी राहतात. पादचारी व फेरीवाला यांच्यात झुंज लावणे हा जुना डाव आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडून द्यावेत असे ठरवले आहे. ती समिती जिवंत असेल तर विक्रेत्याची जागा आणि चालणाऱ्याची वाट दोन्ही आखता येतात. फुकट उभ्या केलेल्या मोटारीने व्यापलेली जागा सोडवली, तर दोघांनाही पुरेल एवढा रस्ता शिल्लक आहे.

हे घडू शकते याचा दाखला हॉलंडने दिला आहे. आज सायकलींसाठी नावाजलेल्या त्या देशात १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली; त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा तेथील आईबाप आणि तरुण ‘बालहत्या थांबवा’ अशी घोषणा देत रस्त्यांवर उतरले. १९७३ च्या तेलसंकटाने त्या मागणीला बळ दिले. सायकलमार्ग त्या देशाच्या मातीतून आपोआप उगवले नाहीत. ते चळवळीने मिळवले.

येथेही कायद्याचा आधार आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या १९८-अ कलमानुसार, रस्त्याच्या सदोष रचनेमुळे मृत्यू ओढवल्यास संबंधित यंत्रणा व ठेकेदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. परंतु न्यायालयाचा निर्णय आपल्या पायांनी चालत वॉर्डापर्यंत येत नाही. त्याला तेथे पोहोचवणारा कार्यकर्ता लागतो.

आणि येथेच समाजवादी चळवळीने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. भाडेवाढीविरुद्ध, महागाईविरुद्ध, झोपडपट्टी हटवण्याविरुद्ध मोर्चे निघाले. पदपथ मात्र सुशिक्षितांच्या सौंदर्यदृष्टीचा विषय म्हणून बाजूला राहिला. तो कष्टकऱ्याचा विषय आहे हे ओळखण्यास उशीर झाला. काम मोठ्या सभेचे नाही, चिकाटीचे आहे. प्रत्येक शाखेने आपल्या वॉर्डातील शाळा, बाजार, रुग्णालय आणि बसथांबे यांच्या वाटा पायी चालून पाहाव्यात. पदपथावर किमान एक मीटर ऐंशी सेंटिमीटरची मोकळी वाट असावी, असे भारतीय रस्ते महासभेचे मानक सांगते. फीत घेऊन ती मोजावी. सिग्नलचा हिरवा दिवा म्हातारे माणूस पलीकडे पोहोचेपर्यंत टिकतो का, हे घड्याळ लावून पाहावे. ही नोंद घेऊन नगरसेवकाला व आयुक्तांना जाब विचारावा. वस्त्यांत व शाळांभोवती ताशी तीस किलोमीटरची वेगमर्यादा, अखंड सायकलमार्ग आणि अंदाजपत्रकात पादचाऱ्यांसाठी वेगळी व खर्च होणारी तरतूद, या मागण्या प्रत्येक निवडणुकीत उमेदवारांपुढे ठेवाव्यात.

शाळेत गेलेले मूल आणि पाळी संपवून निघालेला कामगार सुखरूप घरी पोहोचावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. ती पुरी न करणाऱ्या शहराला कितीही उड्डाणपूल बांधून प्रगत म्हणता येणार नाही.