डीजे आणि दहा राग

गणेशोत्सव आला की ‘डीजे’ या शब्दासरशी घरोघरची वडीलधारी मंडळी कानांवर हात ठेवतात. भिंती हादरविणाऱ्या त्या गोंगाटाचा निषेध करावा तेवढा थोडाच! परंतु तबकड्या वाजविणाऱ्याचे मूळ काम ऐकणे आणि निवडणे हे होय. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली भैरव, ललित, मालकंस आदी दहा राग सिंथेसायझरवर, यांत्रिक ठेक्याच्या साथीने ध्वनिमुद्रित केले. आपण त्या तबकडीकडे ढुंकूनही पाहिले नाही. ती हुडकून २०१० साली पुन्हा काढली एडो बाऊमन या डच संग्राहकाने, आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या छोट्या स्वतंत्र संस्थेतर्फे. मग वृद्ध सिंग युरोपातील रंगमंचांवर वाजवू लागले. २०१५ मध्ये ते निवर्तले. मिरवणुकीसाठी कर्णे भाड्याने आणणाऱ्या मंडळांना सकाळच्या आरतीपूर्वी हा भैरव मंडपात, बेताच्या आवाजात, ऐकविता येणार नाही काय?