दार कोणी लावलं?

परवा रात्री जेवणं आटोपली आणि घरात हसण्याचा नुसता पूर आला. लेक आणि सुट्टीला आलेला भाचा मोबाइल टीव्हीला जोडून एक विनोदी मालिका बघत होते. तुरुंगातून सुटलेले चार भामटे ‘आता सरळ वागायचं’ अशी शपथ घेतात, तेवढ्यात कोरोना येतो आणि ही मंडळी पुन्हा चोरीच्या मागे लागतात, अशी ती गोष्ट. पण लॉकडाऊनमध्ये चोरी करणार कुठे? सगळेच घरात! एकही घर रिकामं नाही. तोंडाला फडकं बांधून हिंडलं तर पोलीस पकडायच्या ऐवजी शाबासकी देतात. मीही पोट धरून हसले. खोटं कशाला सांगू?

मग भाचा सहज बोलून गेला, “मावशी, यांची सवयच ती. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच.”

आणि माझं हसू तिथंच थांबलं. मला ‘ती’ आठवली.

तिचं नाव सांगत नाही. आमच्या घरी चार वर्षं धुणीभांडी करायची. हाताला स्वच्छ, कामाला चोख. पुढे नवरा दारूपायी अंथरुणाला खिळला, तिची कामं सुटली. नवरा गेला आणि डोक्यावर औषधपाण्याचं कर्ज राहिलं. तेव्हा आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी होती. ज्या दारूनं घर बुडवलं, तिचेच पव्वे ती चोरून विकू लागली! वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्ह्यातलं वणी. तिकडे दारू उघड, इकडे बंद. माल आणणारे वेगळे, पैसा कमावणारे वेगळे आणि झोपडीत चार बाटल्या लपवून पकडली जाणारी वेगळी. २०२० साल उजाडलं आणि ती पकडली गेली.

ही दारूबंदी काही आभाळातून पडली नव्हती, मैत्रिणींनो. डिसेंबर २०१० मध्ये चिमूर ते नागपूर अशी पायपीट करून हजारो बायांनी ती मागितली होती. जिल्ह्यातल्या ५८८ ग्रामपंचायतींनी ठराव केले होते. १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली तेव्हा कितीतरी घरांत खरोखरच दिवाळी झाली. शेजारच्या गडचिरोलीत तर १९९३ पासूनच बंदी आहे. पण २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळानं चंद्रपूरची बंदी उठवली, तेव्हा सरकारनं दिलेलं एक कारण वाचून मला कसंसंच झालं. बंदीच्या काळात दारूच्या गुन्ह्यांमध्ये ४ हजारांवर बाया सापडल्या होत्या म्हणे. मोर्च्यात घोषणा देणारी बाई आणि पदराखाली पव्वा लपवणारी बाई, दोघी एकाच वस्तीतल्या. कधी कधी तर एकाच घरातल्या.

बंदी असावी की नसावी, हा वाद मी इथं काढत नाही. मला त्या पकडल्या गेलेल्या बाईचं पुढे काय झालं, ते सांगायचं आहे.

कोरोना आला तेव्हा महाराष्ट्रातल्या तुरुंगांत जागेपेक्षा कितीतरी जास्त माणसं कोंबलेली होती. आजार आत शिरला तर काय होईल, या भीतीनं सर्वोच्च न्यायालयानं २३ मार्च २०२० रोजी सगळ्या राज्यांना समित्या नेमायला सांगितल्या. ज्यांच्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, अशांना पॅरोलवर किंवा तात्पुरत्या जामिनावर घरी सोडता येईल का, ते या समित्यांनी बघायचं होतं. आपल्या राज्यातही हजारो कैदी असे सोडले गेले. निर्णय माणुसकीचा होता, यात शंका नाही. पण जरा त्या दिवसांची आठवण काढा. एस.टी. बंद, बाजार बंद, बांधकामं बंद. गावांच्या वेशीवर काट्याकुट्या टाकून रस्ते अडवलेले. पोटच्या पोराला पुण्याहून आला म्हणून शाळेत झोपवलं जात होतं. तिथं तुरुंगातून आलेल्याला कोण दारात उभं करणार?

म्हणजे जीव वाचावा म्हणून बाहेर काढलं. पण तो जीव बाहेर जगणार कशावर, याचा विचार करायला कोणालाच वेळ नव्हता.

ती एप्रिलमध्ये सुटली. भर उन्हात आमच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. आत आली नाही.

“बाई, काम द्या नं जी. काहीबी करतो. अंगण झाडतो, पैसे मागून द्या.”

मी खिडकीतूनच म्हटलं, “अगं, आता कोरोना आहे. वॉर्डात कोणाला येऊ देत नाहीत. नंतर बघू.”

“नंतर मंजे कदी, बाई?”

“बघू गं. सांगते निरोप.”

तिनं मान हलवली आणि गेली. मी तिला पाच किलो तांदूळ दिले होते, हेही सांगते. त्या तांदळावर मी बरेच दिवस स्वतःला चांगली समजत राहिले.

आता खरं सांगू? कोरोना हे निमित्त होतं. जून महिन्यात निर्बंध सैल झाले आणि मी दुसरी बाई ठेवली. तिला निरोप धाडला नाही. ‘जेलात जाऊन आलेली’ घरात नको, एवढंच माझ्या मनात होतं. चार वर्षं तिच्या हातात घराची किल्ली असायची, हे मी सोयीनं विसरले. शेजारणींनीही तेच केलं. तुझ्याकडे नाही तर माझ्याकडे तरी कशाला?

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास ती पुन्हा पकडली गेली. तेच पव्वे, तोच गुन्हा. वॉर्डातल्या बाया म्हणाल्या, “बघा, पुन्हा तिथंच गेली!” मीही मान डोलावली. म्हणजे भाच्याचं ते शेपटाचं वाक्य मी पाच-सहा वर्षांपूर्वीच बोलून बसले होते.

आपल्याकडे या विषयावर एक फार जुनी आणि फार शहाणी गोष्ट सांगून झालेली आहे. व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट आठवतो ना? कथा आपल्या गदिमांची. त्यात जेलर सहा कैद्यांना घेऊन उजाड माळरानावर शेती करायला जातो. ही नुसती कल्पना नव्हती. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली होती. भिंती नाहीत, बेड्या नाहीत. शेती करायची आणि बायकामुलांसह राहायचं. चित्रपटात हे कैदी भाजी पिकवून बाजारात नेतात आणि प्रामाणिक भावात विकतात. तेव्हा त्यांना मारतात कोण? बाजारातले प्रतिष्ठित व्यापारी! त्या वेळी आपण कैद्यांसाठी रडलो. घरी आल्यावर मात्र आपण त्या व्यापाऱ्यांच्या बाजूचे.

इतकं लांब तरी कशाला जायचं? आपल्या गडचिरोलीतच बघा. नक्षलवादी दलम सोडून आलेल्यांसाठी २००५ पासून सरकारची आत्मसमर्पण योजना आहे. जवळ पैसा, घराला मदत, हाताला शिक्षण. आत्मसमर्पण केलेल्या बायांच्या बचतगटानं फिनाईल बनवायला घेतलं, तेव्हा पोलीसच त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती आणि त्याच्या साठ साथीदारांनी मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली, तेही गडचिरोलीतच. बंदूक खाली ठेवणाऱ्याला पुढची वाट दाखवली पाहिजे, नाही तर तो जंगलात परत जाईल, हे सरकारला कळलं आणि आपल्यालाही पटलं. मग बाटली खाली ठेवणाऱ्या बाईला कुठली वाट दाखवली आपण? बंदूकवाल्याला नवं आयुष्य आणि पव्वेवालीला ‘नंतर बघू’?

तुम्ही म्हणाल, भीती वाटते हो. घरात पोरीबाळी आहेत, दागिने आहेत. बरोबर आहे. कोणालाही डोळे झाकून किल्ल्या द्या, असं मी म्हणत नाही. घरफोडी करणारा वेगळा, बाईला मारहाण करणारा वेगळा आणि कर्ज फेडायला चार बाटल्या विकणारी वेगळी. तिच्या बाटलीनंही कुणाचं तरी घर मोडलंच असेल, तेही मी नाकारत नाही. तिची शिक्षा तिनं भोगावी. पण न्यायालयानं दिलेली शिक्षा कधीतरी संपते. आपण वॉर्डातल्या बायांनी दिलेली संपतच नाही! तिला बचतगटात घ्यायचं नाही, हळदीकुंकवाला बोलवायचं नाही, तिच्या पोरीला आपल्या पोरीशेजारी बसू द्यायचं नाही. मग ती कुणाकडे जाणार? ज्याचं दार उघडं आहे, त्याच्याकडे. आणि माल पुरवणाऱ्याचं दार रात्री बारालाही उघडं असतं.

आपल्या चंद्रपूरच्या तुरुंगात एक पिंपळ आहे. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी तिथं इंग्रजांनी शहीद बाबुराव शेडमाकेंना फाशी दिली. दरवर्षी लोक त्या पिंपळाला हात जोडायला जातात. म्हणजे तुरुंगात गेलेला प्रत्येक जण वाईटच असतो असं नाही, हे आपल्या जिल्ह्याला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. तिची बरोबरी मी त्यांच्याशी करत नाही, बाप्पा! पण त्या भिंतीआड जाऊन आलेल्या माणसाकडे बघताना एवढं तरी आठवावं.

हे सगळं मी त्या रात्री भाच्याला सांगितलं. मालिका केव्हाच थांबली होती. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग मावशी, तू का नाही ठेवलंस तिला?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पव्वे आता दुकानात राजरोस मिळतात, विकणाऱ्याकडे लायसन असतं. तिच्या केसच्या तारखा मात्र अजून चालू आहेत, असं ऐकते. ती गाव सोडून बहिणीकडे गेली आहे. तिचा पत्ता मी परवाच काढला. सहा वर्षांपूर्वीचा निरोप द्यायचा राहिला आहे ना!

मालिका बघा, हसाही. पण सुटून आलेला माणूस पुन्हा त्याच वाटेला लागला की एकदा मनाशी विचारा, त्याच्या वाटेत आपलं दार आलं होतं का? आणि आलं असेल, तर ते तेव्हा उघडं होतं का?